भुंगा लागलेल्या घरांत

लाकडाचा भुसा आणि आमच्या धंद्यातले किस्से, दोन्ही सारखेच. रोज चिमूटभर पडतात, आपण झाडून टाकतो, आणि एक दिवस कपाट सरकवलं की मागे हा ढीग! परवा मित्रांमध्ये बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, "संद्या, तुझ्या भुंग्यांचं सांग ना यार काहीतरी," आणि मी सुरू झालो तो चहा थंड होईपर्यंत थांबलोच नाही.

आधी ओळख करून देतो. साकीनाक्याला आमचं पेस्ट कंट्रोलचं छोटं दुकान आहे. ज्योती मॅडम फोन घेतात आणि आमच्यावर ओरडतात. फिरतीवर मी आणि बाबी परब. बाबी मालवणकडचा, वयाने माझ्या वडिलांएवढा, म्हणून मी त्याला काका म्हणतो. झुरळं-ढेकूण इतर पोरं बघतात. आमच्याकडे लाकडातला भुंगा.

हा वाळवीसारखा भिंतीवर मातीच्या रेघा ओढत, सगळ्यांना दाखवत येत नाही. लाकडात अंडी घालतो. अळी आतल्या आत खात राहते, वर्षानुवर्षं, आणि बाहेरून पॉलिश चकचकीत! मोठी झाली की तिचा भुंगा होतो, टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो आणि उडून जातो. भोक दिसलं म्हणजे एक गेला. खाली ताजा भुसा दिसला म्हणजे बाकीची मंडळी अजून पंगतीत आहेत.

आमचं काम सोपं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड वाजवायचं. भरीव असेल तर टणटणीत आवाज येतो, पोकळ असेल तर बदबद. मग भोकाभोकात सुईने औषध सोडायचं आणि वर मेण भरायचं.

आणि मी भित्रा आहे, हेही आताच सांगून टाकतो. मूठ उचलली की मी डोळे मिटतो. दुसऱ्याचं कपाट असलं तरी मनात म्हणतो, 'भरीव वाज रे बाबा!' बाबीकाका म्हणतो, तू चुकून या धंद्यात आलायस. खरं आहे ते.

घाटकोपरला चाळीत आमची एक खोली आहे. रात्रीच्या जेवणाला मी दिवसभराचे किस्से सांगतो. बायको रेश्मा हसते. मुलगी ओवी, दुसरीत आहे, ती "ईईई" करते. आई मान खाली घालून जेवते आणि शेवटी एखादाच प्रश्न विचारते.

* * *

बोरिवलीची गोष्ट. फोन सुनेने केला होता, आणि तोही हळू आवाजात. "रोज सकाळी सासूबाईंच्या पलंगाखाली पिठासारखं काहीतरी पडतं. प्लीज लवकर या."

आम्ही गेलो तर दारातच लिंबू, मिरच्या, आणि उंबऱ्यावर काळा बुक्का! बाबीकाका तिथेच थबकला. मला भुंग्याची भीती, त्याला असल्या गोष्टींची.

"मी आत येवचंय नाय. लिंबू कोणी ठेवल्यान ता आधी इचार."

सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. सुनेने करणी केली असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्या पिठाची पुडी करून कुठल्याशा महाराजांना दाखवूनही आल्या होत्या. महाराजांनी हुंगून सांगितलं होतं, घरातलंच माणूस आहे! सून दाराशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. मला वाटलं, या घरात भुंगा निघाला नाही तर या पोरीचं काय खरं नाही.

उशाकडची फळी वाजवली. बदबद! आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. फळी उलटी करून त्यांना भोकं दाखवली. झटकल्यावर एक भुंगा त्यांच्या चादरीवरच पडला.

सासूबाईंनी वाकून त्याच्याकडे बघितलं. मग अगदी पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे, हिने काहीच केलं नाही?"

घरी हा किस्सा सांगितला तेव्हा रेश्मा हसून हसून लोळली. आईने विचारलं, "भुसा पिवळट असतो की पांढरा?" मी म्हटलं, ताजा असला की पिवळट.

* * *

मुलुंडचे एक रिटायर्ड साहेब होते. त्यांच्याकडे सागवानी कपाट, भिंत भरून. त्यांनी आम्हाला बोलावलं होतं ते भुंगा नाही असं सांगायला!

"सागवान आहे हे. सागवानाला लागत नाही. मिसेसच्या समाधानासाठी बघून घ्या, आणि हात लावू नका."

हात न लावता कसं बघणार? मी म्हटलं, साहेब, सागवान असलं तरी सालीजवळचं कोवळं लाकूड भुंगा खातो, आणि सुतार तेही वापरतो. साहेबांना घाम फुटला. शेवटी म्हणाले, "एकदाच. हळू."

मी मुठीने हळूच वाजवलं. आवाज चांगला नव्हता. बाबीकाकाने टोक लावून जरासं दाबलं तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत! लोण्यात सुरी जावी तसा. आत सगळं पीठ होतं.

मिसेस हातात पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. बाबीकाका स्क्रूड्रायव्हर बाहेर ओढायला गेला, तर साहेबांनी झटकन त्याचं मनगट धरलं.

"काढू नका! आता तोच धरून असेल सगळं!"

आमचा एक स्क्रूड्रायव्हर अजून मुलुंडला आहे.

* * *

अंधेरीचा किस्सा ज्योती मॅडमसमोर काढायचा नाही. काढला की त्या अजून हातातलं काहीही फेकून मारतात.

नवीन टॉवर. नवरा-बायको दोघं नोकरीवर. घरात स्वयंपाकाच्या मावशी होत्या, त्यांनी दार उघडलं आणि सांगितलं, "ते किचनचं कपाट करायचंय, बाकी तुमचं तुम्ही बघा." कपाट झालं. जाताना हॉलमध्ये एक लांब टेबल दिसलं आणि माझी पाचावर धारण बसली. वरपासून पायापर्यंत भोकंच भोकं!

"काका, वाट लागली. हे बघ."

बाबीकाकाने चष्मा लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आम्ही दुपारभर बसून एकूण एक भोक भरलं. मेणात चॉकलेटी बूटपॉलिश कालवून असा रंग जुळवला की भोक कुठे होतं ते आमचं आम्हाला सापडेना. फुकट काम, माणुसकी म्हणून!

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन. ज्योती मॅडमनी तो कानापासून लांब धरला तरी आम्हाला ऐकू येत होता. ते टेबल मुद्दाम जुनं दिसावं म्हणून डिझायनरने ड्रिलने भोकं पाडून घेतली होती. त्या भोकांमुळेच तर ते महाग होतं!

मॅडमनी फोन ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या जा आणि होती तशी भोकं पाडून या."

गेलो. टेबलाखाली वाकलो तर फरशीवर पिवळट भुसा पडलेला. बारीक, ताजा. वर बघितलं तर एका भोकात आम्ही भरलेलं मेण आतून ढकललं जाऊन बाहेर आलं होतं. ड्रिलच्या भोकांच्या गर्दीत एक भोक खरं होतं. ते कोणतं होतं हे मालकाला, डिझायनरला आणि आम्हाला, कोणालाच ओळखता आलं नव्हतं. रजा टाकून आमच्यावर ओरडत बसलेल्या मालकीणबाईंनी दोन्ही पाय उचलून सोफ्यावर घेतले.

आईने हा किस्सा मन लावून ऐकला. "मेणात बूटपॉलिश? आणि ते बोटानेच दाबायचं?"

"बोटानेच. सुरीने ओरखडा उठतो."

* * *

गोराईचा किस्सा बाबीकाका स्वतः कधीच सांगत नाही. मी तेव्हा नवीन होतो.

पास्कल अंकलचं जुनं घर. आत लाकडी माळा, त्यावर मासेमारीची जाळी, पितळेची भांडी, मुलीच्या लग्नातले मोठाले टोप. माळा एका तुळईवर उभा. तुळईखाली जेवणाचं टेबल आणि टोकाच्या खुर्चीत अंकल. पन्नास वर्षं तीच जागा, असं ते अभिमानाने सांगत होते. "तुम्ही तुमचं काम करा, मी इथून बघतो."

बाबीकाका शिडीवर चढला. त्याने मूठ उचलली तेवढ्यात आतून अंकलची मुलगी ओरडली, "पप्पा, चाय तुम्हीच घेऊन जा, माझे हात पिठाचे आहेत!" अंकल कुरकुरत उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

बाबीकाकाने वाजवलं. एकदाच.

आवाज भरीव नव्हता आणि पोकळही नव्हता. कागद फाटल्यासारखा आला. आणि अख्खा माळा खाली! टोप, जाळी, धूळ. काका शिडीला लोंबकळत होता. धूळ खाली बसली तेव्हा अंकल हातात कप घेऊन दारात उभे होते आणि खुर्चीकडे बघत होते. खुर्ची म्हणून ओळखता येईल असं काही राहिलं नव्हतं.

ते कपाकडे बघून म्हणाले, "साखर कमी आहे," आणि तिथेच खाली बसले.

त्या दिवसापासून बाबीकाकाचा नियम आहे. डोक्यावरचं लाकूड असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढतो, आणि कोणी का म्हणून विचारलं तर खेकसतो, "गॅस, पोरां, देव! आधी सगळा भायर. मगे वाजव!" लोकांना गंमत वाटते. आम्हाला वाटत नाही.

हे घरी सांगितलं तेव्हा आईने काहीच विचारलं नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठली.

* * *

एक छोटासा प्रसंग कुर्ल्याचा. याला किस्सा म्हणावं का, माहीत नाही.

बाईंनी स्वतः फोन केला होता, पत्ताही बरोबर होता. बेल वाजवली तर साखळी लावूनच दार उघडलं. फटीतून एक डोळा आणि अर्धा चेहरा.

"आम्ही नाही बोलावलं."

"ताई, तुम्हीच सकाळी..."

"इथे काही नाही झालेलं. तुम्ही जा."

तिच्या केसांवर भुसा होता. पिवळट. दार लागलं. बाबीकाका चिडला, फेरी फुकट गेली म्हणून. मी चिडलो नाही. मला ती बाई आरपार समजली.

कारण आमच्याही खोलीत माळा आहे. लाकडी, एका तुळईवर. माझ्या आजोबांनी घातलेला. त्यावर गाद्या, ट्रंका, अर्धा संसार. त्याच्याखाली आम्ही जेवतो, झोपतो, ओवी अभ्यास करते. अख्ख्या उपनगरातली लाकडं वाजवत फिरलो, पण ती तुळई मी कधी वाजवली नाही. पोकळ निघाली तर जायचं कुठे? चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, जाणार, असं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. बाहेर भाड्याने राहायची आमची ऐपत नाही. वाजवलं नाही तोवर ती भरीव आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. आईनेही कधी 'बघ रे एकदा' म्हटलं नाही. उलट माळ्याखाली रोज तीच झाडते, आणि मी उठायच्या आत. मला वाटायचं, तिच्या लक्षातच आलेलं नाही. बरं आहे, एक तरी माणूस निर्धास्त आहे घरात!

* * *

आता हा शेवटचा. गेल्या रविवारचा.

रेश्मा माहेरी गेली होती. दुपारची वेळ. आई ओट्यापाशी पोळ्या करत होती, ओवी माळ्याखाली बसून चित्र रंगवत होती, मी खाटेवर मोबाइल बघत पडलो होतो.

"बाबा, माझ्या डोक्यावर पावडर कोणी टाकली?"

मी उठून बघितलं. भांगात पडली होती. बोटावर घेऊन चोळली. बारीक, पिवळट. मला कुर्ल्याची ती फट दिसली.

पळून जावंसं वाटलं, खरंच. पण पोरगी वर तोंड करून माझ्याकडे बघत होती. मी बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला, स्टूल ओढलं आणि चढलो. एवढ्या जवळून ती तुळई मी कधीच बघितली नव्हती.

भोकं दिसेनात. मला हायसं वाटलं. मग हात फिरवला.

बोटांना गुळगुळीत टिकल्या लागल्या. एक, मग शेजारी दुसरी, मग ओळीने, पार भिंतीपर्यंत. मेण. रंग असा जुळवलेला की भल्याभल्याला कळू नये. प्रत्येक टिकलीवर दाबल्याची खूण होती, आणि ते बोट माझ्या बोटापेक्षा लहान होतं. नाक जवळ नेलं तर बूटपॉलिशचा वास आला. एका ठिकाणचं मेण आतून ढकललं गेलं होतं.

मी खाली बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. हातात लाटणं तसंच. मी मूठ उचलली.

"थांब," आई म्हणाली.

तिने गॅस बंद केला. सिलेंडरचाही. ओवीचा हात धरून तिला उठवलं, तिचे रंग तिच्या हातात दिले. मग कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर गेली, हात जोडले, एकेक देव उचलून पदरात घेतला आणि पदर कमरेला नीट खोचला. दोघी दाराबाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. ओवी विचारत होती, "आजी, आपण कुठे चाललोय?"

आईने तिला आपल्या मागे घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हां. आता वाजव."