खुर्ची पाण्यापर्यंत

पडद्यांच्या दुकानात शिलाई करायच्या म्हणून त्यांना सगळे पडदेवाल्या काकू म्हणत. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. अर्धांगाचा झटका आला आणि हा धडधाकट माणूस चाकांच्या खुर्चीत बसला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. घराबाहेर पडणं फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरतं उरलं. एका सकाळी काकू चहा पाजत होत्या, तेव्हा त्यांचा हात धरून ते कसेबसे म्हणाले, "तळं."

शहराबाहेरच्या सरकारी उद्यानातलं तळं. पूर्वी सुट्टी मिळाली की दोघं तिथंच जायची. ते पोहायचे, काकू काठावर कपडे सांभाळत बसायच्या.

सून म्हणाली, "आई, तिथं चढ आहे, खडी आहे. खुर्ची रुतली तर बाबांचे हाल होतील."

तिचं काही चुकत नव्हतं. पण काकूंच्या मनानं घेतलं होतं. दुपारच्या सुट्टीत त्यांनी दुकानातूनच उद्यानात फोन लावला. तो उचलला तिथल्या रखवालदारानं.

"दादा, चाकांची खुर्ची पाण्यापर्यंत येईल का हो?"

दुसरा कोणी असता तर 'येईल की' म्हणून मोकळा झाला असता. यानं तसं केलं नाही.

"खरं सांगू का ताई, मला माहीत नाही. मी आपला पायी जातो. उद्या फोन करा, बघून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याचं बोलणं ऐकून काकूंच्या हातातली कात्री थांबली. कचऱ्याच्या हातगाडीत वाळूची पोती टाकून तो गडी तळ्यापर्यंत जाऊन आला होता.

"डाव्या वाटेनं येऊ नका, तिथं गाडी फसली. मोठ्या झाडांकडून या. शेवटच्या खडीवर मी फळ्या टाकतो. आणि ताई, मी तीन पोती घेतली होती. तेवढं वजन असेल ना त्यांचं?"

"दोन पुरली असती," काकू म्हणाल्या. "आजारपणात वाळलेत." आणि कितीतरी दिवसांनी त्या खळखळून हसल्या.

हे कळल्यावर सूनही तयारीला लागली. तिनं जादा टॉवेल काढले, थर्मास घासून ठेवला. रविवारी गर्दी असते असं रखवालदारानं बजावलं होतं, म्हणून मुलानं मधल्या वारी रजा टाकली आणि मित्राची मोठी गाडी मागून आणली.

फळ्या खडखडल्या, पण चाक कुठं रुतलं नाही. मुलानं आणि रखवालदारानं मिळून बाबांचे पाय पाण्यात सोडले. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग "गार" म्हणाले आणि डाव्या पायानं सुनेच्या अंगावर पाणी उडवलं. ती ओलीचिंब झाली, पण रागवायचं सोडून हसत सुटली.

काकूंनी आभार मानायला वाक्यं जुळवून आणली होती. ऐन वेळी एकही आठवेना. त्यांचे भरलेले डोळे बघून रखवालदारच अवघडला. "अहो, आता कुणी विचारलं तर मला सांगता तरी येईल," म्हणाला.

निघताना काकूंना त्याची चौकी दिसली. खिडकीतून सरळ ऊन आत येत होतं, काचेला जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली. त्यांनी नजरेनंच माप घेतलं आणि त्याच आठवड्यात मुलाच्या हाती जाड, अस्तर लावलेला पडदा पाठवला.

मुलगा निरोप घेऊन आला. पडदा चपखल बसला होता. साहेबांना विचारून रखवालदारानं फळ्या कायमच्या ठोकून घेतल्या होत्या, आणि बाबांना पुन्हा कधी आणताय, असं तो विचारत होता.

बाबांनी ते ऐकलं आणि डाव्या हातानं टॉवेलाकडे बोट दाखवलं.