बारशाला ब्रदर

माझा नवरा नर्स होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचं हसणं आत्ताच उरकून जाईल. सेवाग्रामच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात होते आणि सगळे त्यांना ब्रदर म्हणत. डॉक्टर म्हणत, रोगी म्हणत, दारावर येणारी भाजीवालीसुद्धा म्हणे. एकदा मीच गंमत म्हणून "अहो ब्रदर" अशी हाक मारली, तर हे असे दचकले की कपातला चहा धोतरावर!

नाव श्रावण. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, पण आता हे नाहीत, तर रागवायला कोण येतंय? कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की रामराम करता करता समोरच्याचं मनगट धरायचे. अंथरुणावर सुरकुती दिसली की यांचा जीव कासावीस. पोरं झोपेला आलेली आणि हे सतरंजीचे कोपरे दुमडतायत. मी म्हणायची, "अहो, इथं मोठे डॉक्टर राउंडले नाई येत." तर म्हणत, "मोठी डॉक्टरीण घरातच हाय, तिचंच भेव हाय." असा माणूस! आजही आठवण आली की आधी हसू येतं, मग डोळे भरतात.

नर्स झाले ते असे. यांचे वडील दवाखान्यात होते आणि हे उशाशी. वडील बरे होऊन घरी गेले, पोरगा तिथेच राहिला. शेजारच्या खाटांवरच्यांना पाणी पाजता पाजता त्याला त्या कामाचा लळा लागला, पुढे रीतसर शिकला.

माझं माहेर कारंज्याजवळचं, वडिलांची संत्र्याची बाग. वडील बबनराव शांत माणूस, पण माझी माय मनकर्णाबाई म्हणजे जळता निखारा. स्थळ आलं तेव्हा मायनं ओसरीवरच्या पाव्हण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरगा काय करते?"

"दवाखान्यात नर्स हाय," वडील म्हणाले.

"म्हंजे बायाचं काम करते! मंग सयपाक कोन करन, पोरगी का तो?"

ओसरीवरून यांचा आवाज आला, "दोघं मिळून करू."

मी दाराआड होते. तिथेच ठरवलं, करीन तर ह्याच्याशीच. वडिलांनाही पोरगा आवडला. मायचं कुणी ऐकलं नाही, आणि ते तिनं मनात ठेवलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. सासूनं जावयाशी बोलायचं नाही. जावई आला की डोक्यावरून पदर ओढायचा, तोंड भिंतीकडे करायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. आमच्याकडे तो तिसरा म्हणजे माझी धाकटी बहीण नलू. माय म्हणणार, "नलू, इचार त्याइले, भाकर वाढू का." हे दोन हातांवर बसलेले, सगळं ऐकलेलं! तरी नलू म्हणणार, "भाऊजी, भाकर वाढू का?" आणि हे गंभीर चेहऱ्यानं, "माईले सांग, अर्धी." लग्नाला वर्ष झालं तरी माय यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्या सासवा निदान हळूहळू ढिल्या पडतात. आमची माय रीतही पाळत होती आणि रागही.

मला दिवस गेले. हे म्हणत होते, बाळंतपण सेवाग्रामलाच होऊ द्या. मायनं नलूमार्फत निरोप दिला, "पयलं बाळंतपन मायेरी. आमची धुरपता हाय." धुरपता आमच्या गावची सुईण. मी तिच्याच हातावर जन्मले, नलूही. तिच्या हाताला यश होतं, म्हणून हेही फार ताणू शकले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी येईन."

पंचावन्न सालचा हिवाळा. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. संत्र्यांचे ट्रक हमरस्त्यानं भरभरून चालले होते, तसल्याच एका रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर बसून हे आले. अंगभर धूळ, हातात पिशवी, पिशवीत साबण आणि उकळून इस्त्री केलेल्या चिंध्या. आणि माझ्या कळा त्याच सकाळी सुरू झाल्या! जणू सांगावाच धाडला होता.

मला माजघरात नेलं. आत धुरपता आणि माय, दाराला आतून कडी. बाप्या माणसानं त्या दारापुढं उभं राहणंही वाईट, मग आत येणं तर सोडाच. नलू कुमारिका, तिलाही आत बंदी, म्हणून ती उंबऱ्याबाहेर. तिच्यामागे हे. आडावर हात धुऊन येत, दाराशी येत, पुन्हा धुवायला जात. शेजारणी पदराआड हसत होत्या, "जवाई आंघोय करून राह्यला का कातडं सोलून राह्यला?"

दुपार झाली. कळा येत होत्या, बाळ येत नव्हतं. बाहेरून हे विचारत, "नलू, इचार, पानी गेलं का?" नलू ओरडे, "माय, पानी गेलं का?" माय म्हणे, "सांग, गेलं." मला इतक्या वेदनांत हसू येत होतं, खोटं कशाला सांगू!

मग यांचा आवाज बदलला. म्हणाले, "नलू, पळ. बाबाले सांग, बैलबंडी जुपा. हमरस्त्यावर नेऊ, ट्रक थांबवू, हिले सेवाग्रामले नेऊ." नलू बागेकडे पळाली.

आणि ती गेली तेवढ्यातच बाळ आलं.

धुरपता म्हणाली, "पोरगी हाय." बस्स. पुढे काहीच नाही. रडणं नाही, हालणं नाही. मान वळवून पाहिलं तर जांभळं, मऊ काहीतरी तिच्या हातांवर पडलेलं. धुरपतानं तळवे चोळले, पाठ चोळली. मायनं कोपऱ्यातली काशाची थाळी उचलली आणि बाळाच्या कानाशी बडवायला लागली. न रडणाऱ्या बाळाला जागं करायची ती आमच्याकडची रीत. ठण ठण ठण!

बाहेर यांना तो आवाज कळला. दारावर थाप पडली. "नलू! बाळ रडलं का?"

नलू नव्हती. यांनीच तिला पाठवलं होतं.

"रडलं का? कोनी तरी सांगा!"

माझ्यात ओरडायचं त्राण नव्हतं. धुरपता बाळात गुंतलेली. उत्तर देणारी एकच बाई उरली होती, आणि तिनं ह्या माणसाला कधी हो की नाही म्हटलं नव्हतं. थाळी थांबली. माय दाराकडे बघतेय, बाळाकडे बघतेय. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि जेवढा जीव उरला होता तेवढा एकवटून मनात म्हटलं, माय, बोल. तुझ्या पाया पडते, बोल!

मायनं थाळी फेकली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तिनं उचललाही नाही. कडी काढली आणि घर हादरेल अशी ओरडली, "जवाईबुवा, आत या! पोरगी रडून नाई राह्यली!"

हे आत आले. कुठं बघितलं नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. गुडघ्यांवर बसले, करंगळीला चिंधी गुंडाळली आणि बाळाच्या तोंडातला चिकटा काढला, पुन्हा काढला. "मावशी, डोकं खाली धरा," धुरपताला म्हणाले. तिनं धरलं. मग वाकून त्या एवढ्याशा नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि हळूच फुंकर घातली. छातीतली नाही, नुसती गालातली. थांबले, पाहिलं, पुन्हा फुंकर. धुरपता पाठ चोळत होती. माय हात जोडून उभी, कोणकोणत्या देवांना बोलावत होती तिलाच ठाऊक.

छाती हलली! मी पाहिलं, मीच आधी पाहिलं! एक उचकी, मग मांजराच्या पिलासारखं एक चिरकं काहीतरी, आणि मग पोरीनं जे भोकाड पसरलं, की आडावरच्या बाया धावत आल्या.

"हट्टी हाय," धुरपता रडत रडत हसली. "बापाची वाट पाहून राह्यलती."

हे बाहेर जाऊन ओसरीवर मटकन बसले. नंतर मला म्हणाले, "पाह्यलं होतं, केलं कधीच नव्हतं." इकडे मायला आता आपला पदर आठवला. तिनं तो कपाळाखालपर्यंत ओढला, तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "नलू, जवायाइले च्या देजो." नलू अजून बागेतून परतायची होती!

गावात बोलणं झालंच. बाप्या माणूस बाळंतिणीच्या खोलीत गेला! बारशाला यांची चुलत बहीण शोभाबाई आत्या म्हणून आली. यांना सख्खी बहीण नव्हती. पाळणा सजला, बाया जमल्या, आणि नाव ठेवायच्या वेळी शोभाबाई नाक मुरडून म्हणाली, "आमच्या भावानं तर इटाळ-चांडाळ काईच ठेवलं नाई बाप्पा. मी कायले कान फुकू?"

मी मायकडे पाहिलं.

माय उठली. पदर होता डोक्यावर, पण तोंड भिंतीकडे नव्हतं. बायांमधून वाट काढत ती दाराशी गेली आणि ओसरीवर पुरुषांत बसलेल्या यांच्याकडे सरळ बघून म्हणाली, "जवाईबुवा, इकडे या. ज्यानं तिच्या तोंडात फुकलं, त्यानंच तिच्या कानात फुकावं."

बायांच्या घोळक्यात हे कसे आले असतील! कान लाल, पाय अडखळतायत. पाळण्यावर वाकले, "कुर्रर्र" केलं आणि म्हणाले, "लीना." कान फुंकणाऱ्या आत्याच्या पाठीत बाया धपाटे घालतात, ती रीत यांनाही चुकली नाही. पहिला धपाटा धुरपताचा, दुसरा माझ्या मायचा, चांगला सणसणीत! हसण्याचा तो कल्लोळ, त्यात लीना दचकली आणि टाहो फोडून रडायला लागली. चार-पाच जणी तिला उगी करायला एकदम वाकल्या.

हे आडवे आले. दोन्ही हातांनी पाळणा झाकून उभे राहिले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाले, "उगी नका करू. रडू द्या तिले. मले आयकू द्या."

आणि आम्ही सगळ्या गप्प उभ्या राहून ऐकत राहिलो.