आईच्या आवाजाखालचं गाणं

मी पंधरा वर्षांची असताना एका इंग्लिश पॉपगायिकेचं एकुलतं एक सोलो गाणं पुसलं. मुद्दाम नाही, आणि निष्काळजीपणानं तर मुळीच नाही. वहीत यादी करून, समोर बरोबरच्या खुणा करून, अगदी पद्धतशीर पुसलं.

तेव्हा आम्ही सौदीत, अल-खोबरला राहायचो. आखाती युद्ध सुरू झालं होतं आणि शाळा बंद होती. ओळखीची बरीच घरं एक्झिट व्हिसा लावून भारतात गेली होती. बाबांना कंपनीनं सोडलं नाही आणि बाबांना आईनं सोडलं नाही, म्हणून आम्ही तिघं तिथंच. मला काही उद्योग नव्हता. उद्योग नसला की मुली बिघडतात म्हणतात. मी एक वही घेतली.

पहिली यादी सायरन झाल्यावर बसायच्या खोलीची. चौदा वस्तू. एक, चिकटपट्टी. दोन, ओले टॉवेल. सहावा क्रमांक टॉर्चचे आणि टेपरेकॉर्डरचे सेल. दुकानात सेल मिळेनासे झाले होते, म्हणून त्यापुढे मी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘वाया घालवू नयेत’. चौदावी वस्तू होती ‘ही यादी’. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, “जनरलना पाठवूया का? त्यांचं काही राहिलं असेल.”

विषारी वायूच्या भीतीनं खिडक्या सील केलेली धड खोली आमच्या मजल्यावर नव्हतीच. ती तळमजल्यावर, इंग्लिश आंटीकडे होती. तिचा नवरा धाहरानला शिफ्टमध्ये काम करायचा आणि ती दिवसचे दिवस एकटी असायची. सायरन वाजला की आम्ही तिघं आणि ती, असे चौघं तिच्या त्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. ती प्रत्येकाला ‘लव्ह’ म्हणायची. बाबांनाही. आईला हे पचायला आठवडा लागला.

आंटी चाळिशीची होती. तरुणपणी ती मुलींच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये होती. एका नव्हे, तीन. आईचा विश्वास बसेना. “ही? हिला साधा भात येत नाही,” ती माझ्याकडे बघून म्हणाली, जणू दोन्ही एकाच परीक्षेचे पेपर होते.

मी लगेच वहीत तक्ता आखला. ग्रुप, माणसं किती, उभं राहायची जागा, कपडे, सोडण्याचं कारण. पहिला ग्रुप चौघींचा, समुद्रकाठच्या गावांतल्या सुट्टीवाल्यांपुढे गायचा. दोघींची लग्नं झाली, संपला. दुसऱ्याची एक रेकॉर्ड निघाली. ती कोणी घेतली, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, “माझ्या आईनं. दोन.” तिसऱ्यात ती एका सोडून गेलेल्या मुलीच्या जागी लागली. पोस्टर आधीच छापली होती, म्हणून सबंध दौरा तिनं त्या मुलीच्या नावानं केला. कपडेही त्याच मुलीचे. बूट एक नंबर मोठे.

तिन्ही ग्रुपमध्ये ती डावीकडे उभी राहायची आणि ‘ऊ’ आणि ‘आ’ म्हणायची. पुढं उभी राहून शब्द दुसरीच कोणी तरी म्हणायची. फक्त एकदा, तिसऱ्या ग्रुपच्या मुख्य गायिकेचा घसा बसला आणि स्टुडिओचे पैसे भरलेले होते, म्हणून हिला पुढं ढकललं. एका दुपारी तिनं ते गाणं एकटीनं तीनदा म्हटलं. रेकॉर्ड कंपनीनं ते घेतलं नाही. स्टुडिओची टेप कुठं गेली कोणास ठाऊक. तिच्याकडे एक कॅसेट तेवढी राहिली होती.

माझा तक्ता बघून ती खूप हसली. “मी बसच्या वेळापत्रकासारखी दिसतेय, लव्ह,” म्हणाली. पण मग बुटांचं एक खोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. आत वीसेक कॅसेट होत्या, धुळीनं भरलेल्या. “एवढी हौस आहे तर हेही आवर. माझी गाणी ठेव, बाकीच्या तुला हव्या तर घे.”

मी खोकं वर आणलं. पुसून घेतलं. दोन याद्या केल्या, ‘ठेवायच्या’ आणि ‘वापरता येतील’. ज्या कॅसेटवर तिचं नाव ती ठेवायची. एकीवर भलत्याच मुलीचं नाव होतं, ती वापरता येईल. लावून बघितली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं, पण सेल! सहावा क्रमांक, लाल शाई. आणि ती दुसऱ्याच्या नावानं गायची, हे माझ्याच अक्षरात, त्याच वहीत, चार पानं आधी लिहिलेलं होतं. मी याद्या करते, त्या वाचतेच असं नाही. हा दोष अजून गेलेला नाही.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. तेव्हा आखातातली बरीच माणसं घरी पत्राऐवजी कॅसेट पाठवायची. सगळ्यांनी पाळीपाळीनं बोलायचं आणि गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती कॅसेट द्यायची. आमची चिपळूणला आत्याकडे जायची. तिकडं सगळे जमून ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर, आमचं पुसून, उत्तर भरून पाठवायचे. नवी कॅसेट घेणं म्हणजे आईच्या लेखी उधळेपणा. युद्ध लागल्यावर फोन लागेनासे झाले होते. आत्या काळजीत असणार. अशात किराणा दुकानवाले दापोलीचे चाचा बायकोमुलांना घेऊन गावी निघाले.

चाचा भर दुपारी दारात आले. “वहिनी, यल्ला! गाडी चालू ठेवलीय. काय द्यायचं ते द्या.”

“अहो, पाच मिनिटं! अजून बोललोच नाही!”

“मग बोला की! मी चहा घेतो.”

मी अभिमानानं ‘वापरता येतील’मधली पहिली कॅसेट काढून दिली. बाबा म्हणाले, आम्ही खुशाल आहोत, रेडिओवर विश्वास ठेवू नका. मी सायरनच्या खोलीची यादी वाचून दाखवली, चौदाच्या चौदा. मग आई बोलायला लागली. कोकम संपलंय, पापड यंदा जाड लाटा, माझ्या बनारसी साडीला ऊन दाखवा. चाचांचे दोन चहा झाले तरी आई साडीवरच होती. शेवटी चाचांनीच बटण दाबलं. “खलास, वहिनी. विमान थांबणार नाही.”

तिसऱ्या दिवशी सायरन झाला. आई स्तोत्र पुटपुटत होती, माझे दात वाजत होते. आंटी एकदम म्हणाली, “ते खोकं घेऊन ये उद्या. तुम्हाला माझं गाणं ऐकवते. माझ्या नावाची नाही बरं का ती कॅसेट, त्या सोडून गेलेल्या मुलीच्या नावाची आहे. स्टुडिओवाल्यानं सवयीनं लिहिलं.”

दात वाजायचे थांबले. युद्धाची भीती घालवायचा तो एक उपाय मला सापडला, पण कोणाला सुचवण्यासारखा नाही.

पुढचे दहा दिवस मी तिला “लेबलं व्हायचीत” एवढंच सांगत राहिले. तिला ते खरं वाटलं. माझ्यासारख्या मुलीवर अविश्वास दाखवायला कोणाला कारणच नव्हतं.

मग एके दिवशी दुपारी आंटीच्या फोनवरून चिपळूणची लाइन लागली. बाबा ओरडून बोलत होते, आई त्यांच्या कानाला कान लावून उभी. आत्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“कॅसेट पोचली! सगळ्यांनी ऐकली! वहिनीचं झाल्यावर कोण बाई गाते रे ती, इंग्रजी? काय गळा आहे! आम्ही दोनदा लावली!”

मला समजेना. मग समजलं. तीनदा म्हटलं होतं. आईच्या साडीखाली पहिली दोन गेली होती, तिसरं शिल्लक होतं.

“बरं, आता उत्तर भरायला बसतोय,” आत्या म्हणाली. “सगळे जमलेत. आज पूर्ण बाजू भरू!”

मी बाबांच्या हातातून फोन ओढला. “आत्या, भरू नकोस! काही भरू नकोस! तशीच परत पाठव!”

“काय म्हणतेस? मोठ्यानं बोल—” आणि लाइन तुटली.

बाबांनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. लागली नाही. आंटी माझ्याकडे बघत होती. तिला मराठीचा एक शब्द कळला नव्हता, पण मी रडत होते. “कोण गेलं, लव्ह?” तिनं हळूच विचारलं.

मी सांगितलं. वही दाखवली, दोन्ही याद्या दाखवल्या, का कोण जाणे. त्यानं गुन्हा जरा नीटनेटका दिसेल असं वाटलं असावं. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. आई मला म्हणाली, “विचारायला तोंड नव्हतं का तुला? लिहायला हात बरे आहेत.” त्यानंतर सायरनला आम्ही चौघं तसेच गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, पण ती मला ‘लव्ह’ म्हणायची नाही. बाबांना म्हणायची.

युद्ध संपलं. चाचा परत आले, दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी कॅसेट घेऊन आले. सोबत आत्याची चिठ्ठी होती. ‘नीट ऐकू आलं नाही, पण पोर ओरडली म्हणून भरलं नाही. सगळे नाराज होऊन गेले.’

मी कॅसेट घेऊन खाली गेले. आई मागोमाग आली, बहुधा मला पाठीशी घालायला, पण दारातच म्हणाली, “मी फक्त बघायला आलेय.” आंटीनं कॅसेट पहिल्यापासून लावली. बाबा खुशाल. माझ्या चौदा वस्तू, देवा. कोकम, पापड, साडी. मग चाचांचं “विमान थांबणार नाही”, एक खट्, आणि एका शब्दाच्या मध्यातूनच एक तरुण मुलगी गायला लागली.

गाणं संपेपर्यंत आंटी हलली नाही. मग म्हणाली, “दुसरं चांगलं झालं होतं. या वेळी मी थकले होते.”

मी ते आईला सांगितलं. आईनं विचारलं, “दुसरं म्हणजे मी जिथं बोलले ते?” मी हो म्हटलं. आई खाली बघायला लागली. बनारसी साडीचा अभिमान तिला त्या दिवसापुरता तरी नव्हता.

मी घाईनं म्हणाले, “आमचा भाग पुसून देते. निदान तुमचं गाणं तेवढं नीट राहील.” माझ्याकडे सेल होते, युद्ध संपलं होतं, आणि मला काही तरी व्यवस्थित करायचंच होतं.

“तू आता काहीही पुसू नकोस, लव्ह,” ती म्हणाली. ड्रॉवरमधून तिनं चमचा काढला आणि त्याच्या दांड्यानं कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी तोडली. ती तोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. हे मला माहीत होतं. कोणत्याही यादीत मी ते लिहिलं नव्हतं, एवढंच.

मग तिनं दुसरी कोरी कॅसेट रेकॉर्डरमध्ये घातली आणि आईपुढं सरकवली. “चिपळूणच्या त्या बाई उत्तराची वाट बघून कंटाळल्या असतील. बोला.”

“काय बोलू?” आई म्हणाली. कॅसेटपुढं बसून पहिल्यांदाच तिला काही सुचेना.