डालग्याखालचं पिल्लू

पेठ रोडला आमचा भाजीचा मळा होता. आमचे मालक वारले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. घरात नुकताच फोन बसला होता. उंदरांनी टोमॅटोच्या बियाणाच्या पुड्या कुरतडल्या आणि मुलगा आमच्या जुन्या मांजरीवर उखडला.

"नुसतं दूध ढोसती. एक उंदीर धरत नाय."

"वय झालं तिचं," मी म्हणाले. "तुझं होईल तेव्हा कळेल."

मग सुनेने इगतपुरीहून, माहेरून, पिल्लू आणलं. पिशवीत घालून, एसटीने. जुनीने ते पाहिलं, फिसकारली आणि त्याच्या नाकावर पंजा मारला. रक्त आलं. मुलगा म्हणाला, "रविवारपर्यंत बघतो. जमलं नाय तर हिला पोत्यात घालून पेठच्या घाटात सोडून येतो." तो बोलला की करतो.

माझा त्या मांजरीवर फार जीव होता असं नाही. मालक गेल्यापासून मला कशाचंच फार वाटत नव्हतं. पण ती घरातली होती, घाटात काय करणार? म्हणून मी कोंबड्या झाकायचं डालगं काढलं, बांबूचं. त्याखाली पिल्लू ठेवलं, वर दगड ठेवला. फटीतून वास घेता येतो, मारता येत नाही. नव्या कोंबड्या जुन्यांत सोडायच्या आधी आम्ही असंच करायचो.

सून हसली. "आत्या, मी आले तेव्हा मलाही आठ दिवस डालग्याखाली ठेवायचं होतं."

"तू मावली नसतीस."

दोन दिवस जुनी गुरगुरत डालग्याभोवती फिरली. एकमेकांचा वास लागावा म्हणून मी एकच फडकं दोघांच्या अंगावरून फिरवायचे. चौथ्या दिवशी ती डालग्याला पाठ लावून झोपली. शनिवारी दुपारी मुलगा जेवायला बसला होता तेव्हा मी डालगं उचललं.

जुनी उठली. पिल्लाचा वास घेतला, त्याला मानेला धरून उचललं आणि शिडीवरून माळ्यावर पळाली. पिल्लू लटकत होतं. त्याने आवाजही केला नाही.

"मारलं हिने!" सून ओरडली.

मुलगा खरकट्या हाताने वर चढला. पोतं टाकून त्याने जुनीला धरलं. पिल्लू दिसलं नाही. "संपलं ते," म्हणाला. खाली आल्यावर पोत्याचं तोंड मी धरलं, सुतळी त्याने बांधली. त्याने गाडीला किक मारली आणि गेला.

मेलेलं पिल्लू काढायला मी शिडी चढले. ते रिकाम्या गोण्यांच्या मागे बसलं होतं. अंग चाटून ओलं केलेलं. मानेला ओरखडासुद्धा नव्हता. मांजर स्वतःचं पिल्लू असंच उचलते. हे मी जन्मभर बघितलेलं, पण त्या वेळी सुचलं नाही.

दिवे लागणीला मुलगा आला. मी पिल्लू त्याच्यापुढे ठेवलं. त्याने त्याची मान चाचपली.

"आई, तू पोतं धरलं होतंस."

"धरलं होतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो परत घाटात गेला. मांजरीला आम्ही कधी नाव ठेवलं नव्हतं, तर त्याने काय हाका मारल्या असतील कोण जाणे. दुपारी हात हलवत आला. सुनेने ताट वाढलं. तो जेवला, मीही जेवले.

पिल्लू दोन दिवस माळ्यावरून उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी उतरून दूध प्यायलं. पुढे ते उंदीर चांगले धरायला लागलं.