कपातली माती

तणाशी इतक्या आपुलकीनं भांडणारा माणूस मुदखेडच्या पंचक्रोशीत दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. हळदीच्या वावरात खुरपं घेऊन बसले की लव्हाळ्याला तोंडावर विचारतात, "परवाच घालवलं होतं ना तुला? लाज हाय का न्हाई?" बरं, वावर आपलंच असावं अशीही अट नाही. माझ्या मेव्हणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, नवरीच्या पाठीशी उभा राहायला मामा हवा, तर हे मांडवामागं गाजरगवत उपटत बसलेले. मातीच्या हातानंच अक्षता टाकल्या.

तणनाशकाचं तर त्यांच्यासमोर नाव काढायची सोय नाही. सोयाबीनवर मारलेलं औषध मातीत दबा धरून बसतं आणि पुढच्या पिकाला नडतं, हे स्वतःची कोथिंबीर पिवळी पडल्यावर त्यांना कळलं. तेव्हापासून नवं वावर दिसलं की तिथली माती कपात भरायची, त्यात मेथी पेरायची आणि ती हिरवीगार आली तरच पुढचं बोलायचं. घरातले सगळे कप यात गेले. मामी पाहुण्यांना वाटीत चहा देते आणि वर म्हणते, "कपात मेथी हाय. जपून प्या, लई कढत हाय."

यंदा उदगीरकडं दिलेल्या त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर हळद लावायचं ठरवलं. बेणं घरात येऊन पडलं. वावर मात्र सोयाबीनचं, आणि दिरानं त्यात तणनाशक हात सैल सोडून मारलेलं. मामांनी तिथली माती मागवली, मेथी पेरली. ती उगवली ती पिवळीच. "पोरीचं पहिलं पीक हाय, बसून जाईल," म्हणत मला घेऊन एसटीत बसले. कप मांडीवर. एरवी कारणाशिवाय बापानं लेकीच्या घरी जायचं नाही, हा त्यांचा दंडक. तिला कसं समजवायचं याची तालीम वाटभर माझ्यावर चालली, आणि न केलेल्या हळदीबद्दल मी बोलणी खाल्ली.

सुनंदानं पाणी दिलं आणि मामांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "बाबा, त्या वावरात औंदा हळद न्हाई. मी बी मेथी पेरून बघितली. विहिरीजवळच्या तुकड्यात कधी औषध पडलं न्हाई, तिथं लावते." मामांनी कप गुपचूप पिशवीत सरकवला. मग पोटभर जेवले, तिच्या सासूलाही हसवलं.

परतीच्या एसटीत लेकीचं कौतुक कंडक्टरलासुद्धा ऐकावं लागलं. पार नांदेड जवळ आल्यावर मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, पोरगी लई शहाणी झाली. आता तिच्याकडं कोणतं कारण काढून जावं?"