टेबलाचा खालचा खण

आमच्या शिवणकारखान्यात कापड बेतायचं काम मास्टरणीचं. गणवेशाच्या कापडाचे थर रचून ती त्यावरून पात्याची मशीन फिरवायची, धागाभर चूक नाही. मी इथली मुकादम. माझ्या तोंडाला सगळ्या टरकून असतात, पण तिने मला बोलायची वेळ कधी आणली नाही.

बाळंतपणानंतर ती कामावर आली तीच उतरलेल्या चेहऱ्याने. काम मात्र तसंच चोख. सुट्टी झाली की बाकीच्या पळत सुटायच्या आणि ही बसायची टेबल पुसत. तान्हं मूल घरी असताना कुणाचा पाय असा रेंगाळतो का? मला आपला राग यायचा.

दुपारी पाजायच्या वेळी तिच्या सासूबाई बाळाला घेऊन यायच्या. त्या दिवशी तणतणतच आल्या. म्हणाल्या, घरातल्या सुऱ्यांना काय पाय फुटलेत? सोलाणं गेलं, कात्री गेली, काल टोमॅटो हाताने फोडले. आम्ही सगळ्या हसलो. मास्टरीण हसली नाही.

त्या गेल्यावर मी खडू शोधायला मास्टरणीच्या टेबलाचा खालचा खण ओढला. आत चिंध्यांत गुंडाळलेल्या सुऱ्या, सोलाणं, कात्री, अगदी नेलकटरसुद्धा. मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात धरला.

"इथं पात्याची भीती वाटत नाही," ती म्हणाली. "घरी बाळाला कुशीत घेतलं की नको नको ते डोळ्यांपुढे येतं. माझ्याच हातून काही झालं तर? सासूबाईंना सांगू नका. बाळ काढून घेतील माझ्याकडून."

अगं बाई, एवढं मनात घेऊन ही रोज टेबल पुसत होती!

तशीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं पुष्कळ जणींना होतं. असे विचार छळतात, पण ती काही तिची इच्छा नव्हे. उपचाराने बरं वाटेल, मात्र घरच्यांना सांगा, एकटीवर टाकू नका. खूप समजावल्यावर ती हो म्हणाली, पण सांगायचं माझ्या गळ्यात पडलं. तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. सासूबाईंनी सगळं ऐकलं. बाळाला उचललं, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाजायची वेळ टळली तरी त्या आल्या नाहीत. मास्टरीण मशीन बंद करून दाराकडे बघत उभी. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

शेवटी आल्या. कडेवर बाळ, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी एक कोरी सुरी काढली आणि स्वतःच खालच्या खणात टाकली.

"नवी आणून लपवली होती तुझ्यापासून. हीपण राहू दे इथं. टोमॅटो काय, हातानेही फुटतात." मग बाळ तिच्यापुढे धरलं. "घे. मी बसलेय इथंच."

तिने हात पुसले आणि बाळाला घेतलं.