मागच्याला दिसणारा दिवा

जळोचीजवळच्या एका गॅरेजवर मी गाडीचा हॉर्न दुरुस्त करून घ्यायला थांबलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई आपल्या पिकअपला तिसरा ब्रेकलाइट बसवून घेत होत्या. पिकअपचा मागचा फाळका खाली सोडून भाजीचे क्रेट भरले, की खालचे दोन्ही दिवे झाकले जात. म्हणून त्यांना हा दिवा वरच्या लोखंडी पट्टीवर हवा होता.

मिस्त्रीनं वायर जोडली तशा त्या मला म्हणाल्या, “दादा, जरा ब्रेक दाबता का?”

मी आत बसून ब्रेक दाबला. त्या रस्त्याच्या कडेनं बऱ्याच लांब गेल्या, वळल्या आणि गुडघ्यांत वाकून बघत राहिल्या. परत येऊन त्यांनी दिवा थोडा खाली झुकवायला लावला.

“वाकून का बघता?” मी विचारलं.

“मोटरसायकलवरच्या माणसाला दिसाय पायजे. माझा भाऊ उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागनं आदळला. वाचला, पर अजून काठी धरूनच चालतोय. तवा त्या ट्रॉलीवाल्याला मी लई शिव्या दिल्या.” त्यांनी पिकअपच्या फाळक्यावर हात ठेवला. “आता म्होरची गाडी माझी हाय.”

त्या पुन्हा तेवढ्याच लांब चालत गेल्या. त्यांचा हात वर होईपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.